रिकाम्या खोक्याची वंशावळ

१८६८ साली अमेरिकेने सिगारवरच्या कराचे नियम नव्याने बांधले. कारखान्यातून निघणारा माल २५, ५०, १०० अशा ठरलेल्या संख्येनेच खोक्यात भरायचा. खोका कोरा हवा, आधी वापरलेला चालणार नाही. कर भरल्याचं तिकीट त्यावर चिकटवायचं आणि खोका रिकामा झाला की ते तिकीट नष्ट करायचं. शिवाय खोक्यावर एक ताकीद छापलेली असे: हा खोका सिगारसाठी पुन्हा वापरणाऱ्याला शिक्षा होईल. जुन्या खोक्यात नवा माल भरून कर बुडवणाऱ्यांना वेसण घालणं एवढाच सरकारचा हेतू. संगीताशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता.

तरी एका वाद्याला या ताकिदीने जेवढं पोसलं तेवढं कुठल्या संगीतशाळेने पोसलं नसेल. पुढची कित्येक दशकं देशभर पातळ फळ्यांचे, नीट सांधलेले लाकडी खोके एकदाच वापरून रिकामे होत राहिले. सिगारवाल्यांना ते पुन्हा चालत नव्हते आणि चुलीत घालायला जीव होत नव्हता. मग कुणी त्यात बटणं ठेवली, कुणी पत्रं. ज्याच्याकडे एक काठी आणि थोडी तार होती, त्याने त्याची गिटार केली.

हौशी माणसाने घरच्या घरी केलेल्या वाद्याची गोष्ट बहुधा लाकूड, हत्यारं आणि चिकाटी यांच्याभोवती सांगितली जाते. सिगारच्या खोक्याच्या गिटारीचा माग काढत गेलं की मात्र जागोजागी सरकारी कागद भेटतात. कशावर बंदी आली, कशावर कर बसला, कुठला माल बंदरात अडला, यावर त्या त्या काळातल्या हौशी कारागिराच्या हाताशी काय उरणार हे ठरत गेलं. करवत त्याने नंतर उचलली.

भोपळा

या घराण्याचा मूळपुरुष भोपळा. पश्चिम आफ्रिकेत, सेनेगल-गँबियाच्या पट्ट्यात, जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आजही वाजतं. अर्ध्या भोपळ्यावर कातडं ताणलेलं, लांब दांडी आणि तीन तारा. गुलाम म्हणून समुद्रापार नेलेल्या माणसांबरोबर अशा वाद्यांची रीत कॅरिबियन बेटांवर आणि पुढे अमेरिकेत पोचली. हान्स स्लोन हा वैद्य १६८७-८९ मध्ये जमैकात होता. १७०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने तिथल्या गुलामांच्या भोपळ्याच्या वाद्यांचं चित्रच दिलं आहे. बँजोचे हे पूर्वज.

पहिला सरकारी कागद इथे भेटतो. १७३९ च्या सप्टेंबरात साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी गुलामांनी उठाव केला. ते ढोल वाजवत निघाले होते. उठाव चिरडला गेला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने गुलामांना ढोल, शिंगं आणि मोठ्या आवाजाची वाद्यं बाळगायला बंदी केली. लांबवर हाक पोचवणारं वाद्य मालकांना धोक्याचं वाटत होतं. भोपळ्यावरची तार खोलीबाहेर फारशी ऐकू जात नाही. ढोल गेले, भोपळा राहिला. त्याच प्रांतात १७८०-९० च्या सुमारास रंगवलेलं एका मळ्याचं चित्र प्रसिद्ध आहे. त्यात नाचणाऱ्या गुलामांच्या शेजारी एक जण भोपळ्याचा बँजो वाजवत बसला आहे.

भोपळ्याच्या घडणीत एक युक्ती होती आणि घरगुती वाद्यांची पुढची सगळी पिढी तिच्यावर जगली. गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून साधारण ७० किलोंचा ताण देतात. शास्त्रशुद्ध गिटारीत हा सगळा ताण पेटीने पेलायचा असतो. त्यासाठी कडा वाफेवर वाकवायच्या, वरच्या फळीला आतून पट्ट्यांची जाळी द्यायची, मान आणि पेटीचा सांधा बिनचूक बसवायचा. हे काम शिकायला वर्षं जातात. अकोंटिंगची दांडी भोपळ्याच्या या टोकातून शिरून त्या टोकातून बाहेर येते. तारा एका टोकाला बांधलेल्या, दुसऱ्या टोकाला ताणलेल्या. सगळा ताण दांडी पेलते. भोपळ्याला फक्त घोडीखालचा दाब सोसायचा आणि थरथरायचं. वारकऱ्याच्या एकतारीतही बांबू भोपळ्याच्या आरपार जातो तो याच हिशेबाने. पेटी कितीही नाजूक किंवा ओबडधोबड असली तरी चालते, कारण भार दुसराच कुणी वाहत असतो. सुतारकामात कच्च्या माणसाला ही सोय म्हणजे परवानाच.

खोका

१८४० पर्यंत अमेरिकेत सिगार मोठ्या पेटाऱ्यांतून विकायला येत. छोटे, हातात मावणारे खोके त्यानंतरचे. १८६१ ला यादवी युद्ध पेटलं आणि युद्धाच्या खर्चासाठी १८६२ मध्ये तंबाखू-सिगारवर कर बसला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत उत्तरेच्या जनरल ग्रँटने डोनेल्सनचा किल्ला जिंकला. लढाईच्या वेळी त्याच्या हातात सिगार होती अशी बातमी छापून आली आणि खूश झालेल्या जनतेने त्याला सिगार पाठवायचा सपाटा लावला. दहा हजारांच्या घरात सिगार आल्या, असं पुढे त्यानेच सांगितलं. छावण्याछावण्यांत सिगार पोचल्या तसे रिकामे खोकेही पोचले.

एडविन फोर्ब्स हा चित्रकार एका साप्ताहिकासाठी उत्तरेच्या फौजेबरोबर हिंडत होता. त्याने १८७६ साली प्रसिद्ध केलेल्या एका चित्रात छावणीत बसलेला एक सैनिक व्हायोलिनसारखं वाद्य वाजवतो आहे आणि त्याची पेटी म्हणजे चक्क सिगारचा खोका आहे. खोक्याच्या वाद्याचं हे सर्वांत जुनं ज्ञात चित्र. भोपळ्याची जागा खोक्याने घेतली, दांडी तीच राहिली.

खोक्याचं लाकूडही हलकंसलकं नव्हतं. चांगल्या सिगारचे खोके ‘स्पॅनिश सिडार’ नावाच्या झाडाचे असत. नावात सिडार असलं तरी हे झाड देवदाराच्या कुळातलं नाही, महोगनीच्या कुळातलं आहे. मूळ मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांवरचं. लाकूड हलकं आणि सरळ रेषांचं, त्याला किडीला पळवणारा वास, आणि हवेतल्या दमटपणाने ते फारसं वाकत नाही. सिगार जपायला हे गुण हवेतच. स्पेनमधले गिटार घडवणारेही याच गुणांसाठी त्या लाकडाच्या माना करतात. आपल्याकडे सतार-तंबोऱ्याला वापरतात ते तूनचं लाकूड याच झाडाच्या जवळच्या नात्यातलं. जुन्या वनस्पतिशास्त्रात दोघांची गणना एकाच प्रजातीत होई. गरिबाच्या पोराला फुकट मिळालेला खोका म्हणजे खरं तर वाद्याचंच लाकूड होतं, कापून, घासून, खिळे मारून तयार.

१८८४ साली डॅनियल कार्टर बिअर्ड या लेखक-चित्रकाराने मुलांसाठी नाताळची एक गोष्ट लिहिली आणि तिच्यातच सिगारच्या खोक्यापासून बँजो करण्याची कृती गुंफली. पाच तारा, पडदे नाहीत, घडणीची एकेक पायरी समजावलेली. पुढे गोष्ट गळाली आणि नुसती कृती त्याच्या मुलांच्या हस्तोद्योगाच्या गाजलेल्या पुस्तकाला जोडली गेली. हाच बिअर्ड पुढे अमेरिकेतल्या बालवीर चळवळीच्या संस्थापकांत होता. गुलामांच्या वस्तीत नाइलाजाने जगलेली युक्ती मध्यमवर्गीय मुलांच्या सुट्टीतला उद्योग झाली ती या वाटेने. घरगुती वाद्याचा मागोवा घेताना या दोन वाटा वेगळ्या ठेवायला हव्यात. एकाला दुसरं काही मिळत नव्हतं म्हणून त्याने खोका घेतला. दुसऱ्याला दुकानातली गिटार परवडत असूनही खोका हवासा वाटला.

बिअर्डने पडदे टाळले यात शहाणपण होतं. पडदे बसवताना हौशी माणसाची गणिताशी गाठ पडते. १५८१ साली व्हिन्चेन्झो गॅलिली या संगीतज्ञाने (खगोलशास्त्रज्ञ गॅलिलिओचे हे वडील) एक सोपा नियम ग्रंथात मांडला होता: तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पहिला पडदा, उरलेल्या लांबीचा अठरावा भाग सोडून दुसरा, असं पुढे. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर यायला हवा, म्हणजे वरचा सा मिळतो. अठराने भागत गेलं तर २५ इंचांच्या तारेवर तो दोन मिलिमीटरांहून थोडा जास्त चुकतो. आता भाजक १७.८१७ धरतात. खोक्याची गिटार वाजवणाऱ्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांनी हा पेचच वळसा घालून सोडवला. बाटलीची मान किंवा सुरी तारेवर सरकवत न्यायची, कान सांगेल तिथे थांबायचं. तीन तारा सा-प-सा मध्ये लावल्या की आडवी बाटली कुठेही ठेवली तरी स्वर जुळलेलेच निघतात. ज्याच्याकडे खोकाही नव्हता तो केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून घराच्या भिंतीवर दोन खिळ्यांत ताणून बसवी. घरच मग पेटी होई.

विसाव्या शतकाच्या आरंभी सिअर्स-रोबकसारख्या टपालाने माल पाठवणाऱ्या दुकानांच्या जाड सूचिपत्रांत गिटारी काही डॉलरांत मिळू लागल्या. तेवढे डॉलर जमेपर्यंत मुलाच्या हातात खोका असे. टेक्ससच्या लाइटनिंग हॉपकिन्सने आठव्या वर्षी सिगारच्या खोक्याची गिटार केली. बिग बिल ब्रून्झीचं पहिलं व्हायोलिन खोक्याचं होतं. ओक्लाहोमाच्या शाळेत चार्ली क्रिश्चन खोक्याची गिटार वाजवून वर्गमित्रांना थक्क करायचा, अशी आठवण कादंबरीकार राल्फ एलिसनने लिहून ठेवली आहे. तोच चार्ली १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या चमूत गेला आणि त्याने जॅझमध्ये विजेच्या गिटारीला मानाची जागा मिळवून दिली.

आणि ब्लाइंड विली जॉन्सन. पाच वर्षांचा असताना मिळालेली खोक्याची गिटार हे त्याचं पहिलं वाद्य, असं त्याच्या चरित्रात सांगतात. १९२७ साली डॅलसमध्ये त्याने एक शब्दहीन आळवणी ध्वनिमुद्रित केली, गिटारीच्या घसरत्या स्वरांवर नुसता कंठ. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पाठवलेल्या सोनेरी तबकडीत ती आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही त्याच तबकडीत आहे. जयपूर-अत्रौली घराण्याची कसून तालीम घेतलेली गायिका आणि रस्त्यावर गाणारा अंध भजनिक सूर्यमालेबाहेर एकाच तबकडीवरून चालले आहेत.

डबा आणि चहाची पेटी

या वंशाची एक शाखा दक्षिण आफ्रिकेत वाढली, तिचा उगम आपल्या किनाऱ्याकडे बोट दाखवतो. अठराव्या शतकात केप वसाहतीत काही वर्षं राहिलेल्या ऑटो मेन्ट्सेल या जर्मनाने ‘रामकी’ नावाच्या वाद्याची नोंद केली: अर्ध्या भोपळ्याची पेटी, थोड्या तारा, आणि ते मलबारच्या गुलामांनी आणलेलं. डच कंपनी हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरून माणसं पकडून केपला नेत होती, त्यामुळे नोंद विश्वासार्ह वाटते. पुढे पत्र्याच्या डब्यातून तेल येऊ लागलं आणि रामकीच्या भोपळ्याची जागा तेलाच्या डब्याने घेतली. सिगारचा खोका नसलेल्या देशातही गोष्ट तशीच घडली. व्यापाराने जे वेष्टण फेकलं, त्याला दांडी जडली.

ब्रिटनमध्ये हे वेष्टण चहाचं होतं. आसाम, दार्जिलिंग, सिलोनचा चहा प्लायवूडच्या पेट्यांतून जहाजाने जाई. कडांना पत्र्याच्या पट्ट्या, आतून चकचकीत कागद. आसामात प्लायवूडचे पहिले कारखाने निघाले तेही या पेट्यांसाठीच. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनकडे डॉलर नव्हते. १९५१ पासून १९५९ पर्यंत अमेरिकी वाद्यांच्या आयातीवर निर्बंध राहिले. नेमक्या याच काळात, १९५६ च्या आरंभी, लॉनी डोनेगनचं अमेरिकी रेल्वेवरचं एक गाणं गाजलं आणि पोराटोरांना ‘स्किफल’चं वेड लागलं. एक स्वस्त गिटार, कपडे धुवायची पत्र्याची पाटी आणि चहाच्या पेटीचा बास एवढ्यावर गल्लोगल्ली चमू उभे राहिले. पेटी पालथी घालायची, तिच्या मध्यातून दोरी वर घेऊन केरसुणीच्या दांड्याला बांधायची आणि दांडा पेटीच्या कडेवर टेकवायचा. दांडा मागे ओढला की दोरी ताणते आणि सूर चढतो. यल्लम्माच्या भक्तांचं चौंडकं जाणणाऱ्याला ही रीत नवी नाही.

लिव्हरपूलच्या क्वॉरीमेन नावाच्या चमूतही असा एक पेटीवाला होता. ६ जुलै १९५७ ला चर्चच्या एका जत्रेत या चमूचं वाजवून झाल्यावर त्यातल्या जॉन लेननची ओळख पॉल मॅकार्टनीशी झाली. डॉलरच्या टंचाईने अडवलेल्या बंदराला बीटल्सच्या जन्माचं श्रेय द्यावं का, यावर वाद घालता येईल. ब्रिटिश पोरांच्या एका पिढीला वाद्याकडे विकत घेण्याची वस्तू म्हणून बघता आलं नाही, एवढं मात्र त्या टंचाईने केलं.

शेकोटीची फळी

त्या पिढीतला सर्वांत पक्का हौशी कारागीर म्हणजे ब्रायन मे. १९६३ पर्यंत अमेरिकी गिटारी लंडनच्या दुकानात लटकू लागल्या होत्या, पण मे कुटुंबाच्या आवाक्याबाहेर. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे आरेखक, हाताने काहीही करू शकणारे. सोळा वर्षांच्या ब्रायनने त्यांच्या मदतीने गिटार करायला घेतली. गिटारीची मान शंभर वर्षांहून जुन्या शेकोटीच्या महोगनी चौकटीतून कापली. तिला वाळवीसारख्या किडीने पाडलेली भोकं होती, ती आगपेटीच्या काड्यांनी बुजवली. अंगाला जुन्या टेबलाचं ओकचं लाकूड आणि वर महोगनीची पातळ साल. मानेवरच्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं. स्वर डोलवायच्या यंत्रणेला १९२८ च्या पँथर मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या दोन स्प्रिंगा. तिचा दांडा सायकलच्या पिशवीच्या आधाराचा, टोकाला आईच्या विणायच्या सुईचा तुकडा. स्वर उचलणारी पिकअप तेवढी दुकानातून आणली. दोनएक वर्षांत काम संपलं, खर्च सुमारे आठ पौंड.

‘रेड स्पेशल’ नावाने ती गिटार पुढे ब्रायनच्या क्वीन या चमूच्या प्रत्येक अल्बमवर वाजली. २००२ च्या जूनमध्ये राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात ब्रायनने बकिंगहॅम राजवाड्याच्या छपरावर उभं राहून तीच वाजवली.

रेड स्पेशलला सिगारच्या खोक्याचं भावंड म्हणणं कुणाला ओढूनताणून वाटेल. तिच्यात मोजमाप आहे, भौतिकशास्त्र आहे, मोटरसायकलच्या स्प्रिंगवर केलेला विचार आहे. पण घराणं तेच. बाजाराने दार लावलं तेव्हा घरातल्या टाकाऊ वस्तूंत वाद्य शोधणारी नजर तीच, आणि पेटीने ताण पेलावा ही अट मोडून टाकणंही तेच. विजेच्या गिटारीत पोकळी दुय्यम होते, ताण ठोकळाच पेलतो. भोपळ्यातून आरपार गेलेली दांडी जाड झाली आणि तीच वाद्य होऊन बसली, असंही याकडे पाहता येतं.

शिक्का

आता खोक्याची गिटार पुन्हा आली आहे, पण उलट्या दिशेने. १२ डिसेंबर २०१२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये वादळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या जलशात पॉल मॅकार्टनी ‘निर्वाणा’ या चमूच्या उरलेल्या वादकांबरोबर उभा राहिला तो सिगारच्या खोक्याची गिटार घेऊन. चहाच्या पेटीच्या चमूतून निघालेल्या माणसाला नाइलाज कसलाच नव्हता. अमेरिकेत रिकामे खोके आता गिटारीसाठीच विकत मिळतात, तयार दांडी आणि खुंट्यांसकट. २०२० च्या ऑगस्टपासून स्पॅनिश सिडारची अख्खी प्रजाती धोक्यातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय करारात आली आणि त्या लाकडाच्या व्यापाराला परवाना लागू लागला. आपल्या सह्याद्री-मलबारच्या शिसवीचीही २०१७ पासून तीच कथा. तिच्यावर जगभरच्या गिटारवाल्यांची भिस्त आहे.

म्हणून आज पुण्या-मुंबईत पहिलं वाद्य करू पाहणाऱ्याने शिसवीच्या वखारीकडे धावू नये. त्याने औद्योगिक वसाहतीजवळच्या भंगारवाल्याकडे जावं. परदेशी यंत्रांबरोबर आलेल्या पाइनच्या पेट्या आणि पॅलेट तिथे वजनावर मिळतात. प्रत्येकावर एक शिक्का असतो, कारण लाकडातून कीड देशोदेशी पसरू नये म्हणून आंतरराष्ट्रीय नियमाने तो सक्तीचा केला आहे. शिक्क्यात ‘एचटी’ ही अक्षरं असली तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर अर्धा तास तापवलेलं आहे. ते घ्यावं. ‘एमबी’ असलं तर विषारी वायूची धुरी दिलेली आहे. ते सोडून द्यावं. दीड इंच रुंद, पाऊण इंच जाड, गाठी नसलेली पट्टी निवडून सावलीत मुरू द्यावी, कारण तापवलेलं लाकूड सुकलेलं असतंच असं नाही. मग ती एखाद्या पातळ खोक्याच्या आरपार घालून तीन तारा सा-प-सा मध्ये लावाव्यात. आधीच्या पिढ्यांच्या हाताशी काय उरलं ते कायद्याच्या आडपरिणामाने ठरलं होतं आणि त्यांना ते उमगायला वेळ लागला. आजच्या हौशी माणसासाठी ते लाकडावरच छापून येतं. त्याने फक्त वाचायचं, आणि मग करवत उचलायची.